तबकडीतली फट

एप्रिलमध्ये दुपारी बारा ते चार सोलापूरच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची, पश्चिमेकडची ती खोली तर त्या वेळी तव्यासारखी तापायची. खिडकीला वाळ्याचा पडदा, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, दोन कॉम्प्युटर आणि एक पत्र्याचं कपाट. या खोलीत महेश्वरी बिराजदारने अकरा वर्षं काढली होती.

वर्गात ती रसायनशास्त्र शिकवायची. तिचं खरं काम मात्र या खोलीतलं. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची मोठी तबकडी फिरत असते, आणि त्या मालातूनच पुढे ग्रह घडतात. त्या तबकडीत कोणकोणते रेणू आहेत हे महेश्वरी शोधायची. प्रत्येक रेणू आपल्या ठरलेल्या वारंवारतेवर अतिशय क्षीण रेडिओलहरी सोडतो. चिलीच्या वाळवंटातल्या दुर्बिणी त्या टिपतात आणि वर्षभराने ती निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात. मग आलेखावरच्या गोंगाटातून एकेक रेष वेचत बसायचं. गंधकाच्या एका संयुगाची रेष पक्की करायला तिला एकदा चौदा महिने लागले होते.

कधी कधी एखाद्या तबकडीत गोल फट दिसते. तिथला वायू, तिथली धूळ कुणीतरी झाडून नेल्यासारखी नाहीशी. अशी फट दिसली की समजायचं, त्या जागी काहीतरी मोठं होतंय. ते स्वतः दिसत नाही. जे नाहीसं झालं त्यावरून ते ओळखायचं. हे वाक्य महेश्वरी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायची आणि सांगताना तिला बरं वाटायचं.

धनलक्ष्मी येमूल दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे पीएचडीला आली. भवानी पेठेतल्या विणकर घरातली मुलगी. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला. अंगाने काडी, डबा कायम अर्धा परत नेणारी. महेश्वरीने तिला आलेख वाचण्यापासून सगळं शिकवलं. पोरगी गुणी होती, अबोल होती, आणि महेश्वरीचा तिच्यावर जीव होता. एवढीच एक खोड तिला होती, की बोलता बोलता मधेच थांबायची, मान वळवून भिंतीकडे बघायची आणि ओढणी नाकाला लावायची. क्षणभरच. वर्षातून एकदोनदा.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. नव्या ताऱ्याची फाईल उघडली होती, आलेखावर नुसता गोंगाट होता. धनलक्ष्मी म्हणाली, "मॅडम, ह्यात काडी ओढल्यावर येतोय तसला वास येतोय की."

"कशात?"

"ह्या ताऱ्यात."

महेश्वरी हसली. आठ दिवसांनी त्याच गोंगाटातून सल्फर डायऑक्साइडची रेष वर आली. ओढलेल्या काडीचा वास ज्याचा असतो, तेच.

तेव्हा ती म्हणाली, योगायोग. मग धनलक्ष्मी एका फाईलसमोर बसून म्हणाली, ह्यात आमच्या अप्पांच्या कारखान्यातला डोळ्याला झोंबणारा वास हाय. तिथं फॉर्मल्डिहाइड निघालं. दुसरीत कडू बदाम म्हणाली. हायड्रोजन सायनाइड निघालं. महेश्वरी शास्त्र शिकलेली बाई होती. तिने बारा अशा ताऱ्यांचे क्रमांक काढले, ज्यांची निरीक्षणं अजून खुली झालेली नव्हती. धनलक्ष्मीने नुसत्या क्रमांकांवर बोट ठेवत वास सांगितले. महेश्वरीने ते लिहून कपाटात कुलपात ठेवले. सात महिन्यांत एकेक करून निरीक्षणं खुली झाली. बाराच्या बारा बरोबर.

त्या संध्याकाळी तिला आनंद व्हायला हवा होता. ती कपाटासमोर उभी राहिली, कागदाची घडी पुन्हा घातली, आणि तिच्या घशाशी काहीतरी आंबट आलं. अकरा वर्षं. चष्म्याचा नंबर साडेतीनवर गेलेला. आणि ही पोरगी ओढणी सावरत नाक वर करते आणि सांगते.

तिथून महेश्वरीचं मन फिरलं. पुण्याहून या कामावर देखरेख करणारे प्रोफेसर आठवड्याला फोन करायचे. ते "तुम्ही कशा आहात?" विचारायच्या आधी "ती मुलगी काय म्हणते?" असं विचारू लागले. महेश्वरी फोन ठेवायची आणि धनलक्ष्मीच्या कामात चूक शोधायची. चूक नसली की अक्षरावरून बोलायची. एकदा पोरगी जागेवर नव्हती तेव्हा महेश्वरी तिच्या खुर्चीत जाऊन बसली, पडद्याला नाक लावून तिने खोल श्वास घेतला. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. दारात पाऊल वाजलं तशी ती ओशाळून उठली. धनलक्ष्मीने नुसतं पाहिलं, आणि त्या पाहण्यात कीव होती. ती कीव महेश्वरीला महिनाभर टोचत राहिली.

मार्चमध्ये प्रोफेसर स्वतः आले. त्याच्या आदल्या दिवशी महेश्वरीने एक खोटी फाईल केली. नुसते यादृच्छिक आकडे, कुठल्याच ताऱ्याचे नाहीत. वर एका खऱ्या ताऱ्याचा क्रमांक चिकटवला. पोरगी सगळ्यांसमोर काहीतरी वास सांगेल आणि एकदाचं पितळ उघडं पडेल, असा तिचा हिशेब.

धनलक्ष्मी फाईलसमोर बसली. कूलर घरघरत होता. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने मान वळवून आधी भिंतीकडे पाहिलं, मग महेश्वरीकडे. बराच वेळ पाहिलं.

"ह्यात तारा न्हाई, सर," ती शेवटी म्हणाली. "हे मॅडमनी केलेलं हाय."

प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. "बिराजदार मॅडम, ही कसोटी घेतलीत ते फार उत्तम केलंत! आता शंकाच उरली नाही." त्यांनी धनलक्ष्मीच्या डोक्यावर हात ठेवला. महेश्वरी हसली. हसताना आपले गाल दुखताहेत हे तिला कळत होतं.

ते जेवायला गेल्यावर दोघी जिन्याजवळच्या माठापाशी भेटल्या. धनलक्ष्मी पाणी पीत होती. पेला पालथा घालून तिने ओठ पुसले.

"मॅडम, तुमाला हे पायजे का?"

"काय?"

"हेच. वासाचं."

नको म्हणायला एक क्षण पुरेसा होता. तो महेश्वरीने जाऊ दिला.

"घ्या की मग," धनलक्ष्मी म्हणाली, डब्यातली एखादी भाकरी पुढे करावी इतक्या सहज. "मला तर कदीच नको होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता महेश्वरीने एक नवी फाईल उघडली आणि तिच्या नाकात ओल्या, गोडसर, जड अशा वासाची धार शिरली. मिथेनॉल. आलेखावर काहीच नव्हतं. तिने दुसरी फाईल उघडली. अमोनिया. तिसरी. ती एकापाठोपाठ एक उघडत गेली आणि खोलीत एकटीच मोठ्याने हसली. पलीकडच्या कॉम्प्युटरवर धनलक्ष्मी मान खाली घालून टंकत होती. तिने त्या दिवशी पूर्ण डबा खाल्ला, वर कॅन्टीनमधून भजी मागवली.

पुढचे तीन आठवडे महेश्वरीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. फोनवर प्रोफेसर चकित झाले. "तुम्हालाही?" महेश्वरी म्हणाली, "खरं सांगायचं तर सर, मूळ ते माझंच. तिला मीच शिकवलं." हे तिला इतकं सहज बोलता आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. शोधनिबंधावर तिने आपलं नाव पहिलं घातलं, धनलक्ष्मीचं शेवटी. धनलक्ष्मीने न वाचताच सही केली आणि विचारलं, "जाऊ का, मॅडम? आज बहिणीबरोबर खरेदीला जायचंय." तिच्या गालांवर रंग आला होता. महेश्वरीला वाटलं होतं, हिने रडावं, निदान भांडावं. ती गुणगुणत जिना उतरली.

हळूहळू नाकाची धाव वाढत गेली. फाईल बंद असतानाही खिडकीत बसून महेश्वरीला शहर वासाने कळू लागलं. अक्कलकोट रोडवरचे तापलेले रंग, स्टेशनच्या यार्डातलं डिझेल, बाजारातली मिरची, एका बेकरीतले पाव. पाच-पाच, सहा-सहा किलोमीटरवरून. त्यांच्या अलीकडे कॅन्टीनचं तळण, आवारातला कडुनिंब, आणि अगदी जवळ ओल्या वाळ्याचा पडदा. सगळे वास वेगवेगळे, आपापल्या जागी.

एका मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास रंगाचा वास थांबला.

विरळ झाला नाही. थांबला. अर्ध्या मिनिटाने परत आला. मग मिरची थांबली. मग डिझेल. मग पाव. पुन्हा रंग.

कारखान्यात काहीतरी बंद पडलं असेल, वारा फिरला असेल, असं महेश्वरीने स्वतःला सांगितलं. पण वारा नव्हताच. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. तिने घड्याळ काढून वही पुढे ओढली. रंग, मिरची, डिझेल, पाव. त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे. एक फेरा एकतीस मिनिटांचा. ती पाच वाजेपर्यंत बसली आणि चार फेरे लिहून घेतले. एकाही फेऱ्यात कॅन्टीनचं तळण थांबलं नाही.

म्हणजे काहीतरी वासांच्या आड येत होतं. शहराच्या आणि तिच्या मधून जात होतं, कॅन्टीनच्या पलीकडून.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. नाक स्वच्छ होतं. त्यांनी थेंब दिले.

शनिवारी ती रजा काढून घरी राहिली. घर कॉलेजपासून चार किलोमीटर, जुळे सोलापूरच्या बाजूला. गच्चीवर खुर्ची टाकून ती छत्री धरून बसली. फेरा तिथेही होता, तसाच गोल. कॉलेजभोवती काही फिरत असतं तर घरून तो क्रम असा लागलाच नसता. तिने वहीत दोन वर्तुळं काढली आणि दोन्हींच्या मध्यावर टिंब दिलं. दोन्ही टिंबं म्हणजे ती स्वतः होती.

आता फेरा सव्वीस मिनिटांचा होता.

सोमवारी कॅन्टीनचं तळण थांबलं. बुधवारी कडुनिंब. फेरा एकोणीस मिनिटांचा. फिरणारी वस्तू आत सरकत आली की फेरा लहान होतो, हे तिने किती वर्गांत फळ्यावर मांडून दाखवलं होतं.

गुरुवारी दुपारी ती भवानी पेठेत गेली. अरुंद बोळ, दारादारांत सूत वाळत घातलेलं, कुठल्यातरी घरातून मागाची खटखट. धनलक्ष्मीची आजी गंगम्मा बाजेवर बसली होती. महेश्वरी उंबऱ्याशी आली तशी म्हातारीने नातीला तेलुगूत काहीतरी झटकन सांगितलं आणि काठी टेकत आतल्या खोलीत निघून गेली.

धनलक्ष्मी बॅग भरत होती. "मॅडम! बसा की. मला नातेपुत्याच्या कॉलेजात लागलंय. शिकवायला. परवा जाणार." ती भरली होती अंगाने. हातात हिरव्या बांगड्या होत्या. "पीएचडी सोडली मी. सांगणारच होते तुमाला."

"तू मधेच थांबायचीस," महेश्वरी म्हणाली. "मान वळवायचीस. कशाकडे बघायचीस?"

धनलक्ष्मीचे हात थांबले.

"ते जायचं तेव्हा."

"काय जायचं?"

"काय म्हाईत न्हाई मॅडम. लई लांबनं जायचं माज्या. एमआयडीसीच्याबी पलीकडनं. वरसातनं एकदा, कदी दोनदा." तिने महेश्वरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या किती जवळ हाय?"

"कॉलेजच्या आवारात."

धनलक्ष्मी बाजेवर बसली. तिच्या हातातली साडी खाली पडली.

"परत घे," महेश्वरी म्हणाली. "तुझं आहे ते. तुझं नाव पहिलं घालते. प्रोफेसरांना मी सांगेन सगळं, खोटं बोलले म्हणून."

"मी कशी घेऊ, मॅडम? मला ते पायजेच न्हाई. आन् ज्याला नको, त्याच्यापासनं ते फिरणारं लांब ऱ्हातं. मी एवढंच बगितलंय." बराच वेळ ती बोटाने बांगडी फिरवत राहिली. "त्या दिवशी तुमच्या फाईलीत मला तुमचाच वास आला. ते पायजे, हे पायजे, हिचं पायजे. तुमी वडताय त्याला. तुमाला कुणाचंच काई नको, असं जमंल का?"

"जमेल," महेश्वरी म्हणाली.

स्कूटरवर बसून तिने खरंच प्रयत्न केला. सगळं मनातून काढून टाकलं: निबंध, नाव, प्रोफेसर. आसरा चौकापर्यंत जमलं. मग सिग्नलला उभी असताना तिला त्या हिरव्या बांगड्या आठवल्या. तो भरलेला चेहरा. परवा ही पोरगी एसटीत बसेल, खिडकीला डोकं टेकून झोपेल, आणि नातेपुत्यात रात्री पोटभर जेवून शांत निजेल. महेश्वरीच्या घशाशी पुन्हा ते आंबट आलं.

बाजूच्या हातगाडीवरचा आंब्यांचा वास थांबला.

तिने हात लांब केला असता तर गाडीला लागला असता.

शुक्रवारी ती कॉलेजला गेली नाही. शनिवारीही नाही. नवरा सोमलिंग बँकेच्या कामाने लातूरला गेला होता. घरात ती आणि सासू शिवबाई. शिवबाई अक्कलकोटकडची, सत्तरीची, काटक. दुपारी जेवणं झाल्यावर ती उंबऱ्यात पाय पसरून बसली आणि पितळी ताटात भाजलेल्या शेंगा सोलू लागली. महेश्वरी समोर खाटेवर बसली होती. मांडीवर वही, मनगटावर घड्याळ.

भाजक्या शेंगांचा वास घरभर होता. इतर कुठलाच वास आता येत नव्हता. ना रंग, ना मिरची, ना बाहेरचं तापलेलं अंगण.

दोन वाजून बारा मिनिटांनी शेंगांचा वास गेला.

शिवबाईने पाय जवळ घेतले.

वास आला. तिने पाय पसरले. शेंगा सोलणं चालूच होतं.

"आत्या," महेश्वरी म्हणाली, "पाय का घेतले?"

"मी कुटं घेतले?"

"आत्ता घेतलेत."

"न्हाई गं यव्वा. मी अशीच बसलीय की मघापासनं." शिवबाईने शेंग फोडली. "तू जरा पड बगू. डोळे कसे झालेत तुजे."

महेश्वरीने वेळ लिहिली. चार मिनिटांनी वास गेला. शिवबाईने पाय जवळ घेतले आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. वास आला. पदर मागे सरला.

मग तीन मिनिटांनी.

मग दीड.

महेश्वरीने डोळे मिटले. मला काही नको, ती मनात म्हणाली. कुणाचं काही नको. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं की समोर बसलेल्या या म्हातारीचाही आपल्याला हेवा वाटतोय. हिला काहीच माहीत नाही, याचा.

शेंगांचा वास गेला.

तिने मनातल्या मनात आकडे मोजले. तीस. साठ. नव्वद. दोनशे. वास परत आला नाही.

तिने डोळे उघडले. शिवबाई मान खाली घालून शेंगा सोलत होती. तिने पदर नीट केला, ताट आपल्याकडे ओढून घेतलं, आणि थोडी बाजूला सरकून उंबऱ्यावर एका माणसाला बसता येईल एवढी जागा केली.